हसरीच्या हसण्याविषयी

४ जून

प्रिय मावशी,

हे पत्र तुझ्या घरी न पाठवता शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलेले आमच्याकडचे पत्र तू न उघडता परत करशील, अशी भीती वाटते. दुकानात गिऱ्हाईक समोर उभे असताना तुला तेवढा राग काढता येणार नाही, असा माझा अंदाज आहे. फोन केला असता, पण आमचा फोन बैठकीत आहे आणि बैठकीत आई आहे.

काकांना जाऊन वर्ष होत आले. तेव्हा माणसे तुला भेटायला आली होती, तू काकांच्या शेवटच्या आजारपणाविषयी सांगत होतीस, आणि माझी धाकटी बहीण तुझ्या समोर उभी राहून खदखदा हसली. आईने तिला दंडाला धरून बाहेर नेले आणि जिन्यात मारले. त्या दिवसापासून तुम्ही दोघी बहिणी एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

मावशी, ती हसली नव्हती.

हे वाक्य वेडेपणाचे वाटेल, म्हणून नीट लिहिते. हे हसू तिला तान्ही असल्यापासून येते. त्यावरूनच आपण तिला हसरी म्हणू लागलो आणि किती आनंदी मूल म्हणून कौतुकही केले. पण ते तिला तापातही येते, जेवणाच्या मध्येच येते, ठेच लागून रडत असतानाही येते. आधी अंग किंचित ताठ होते. हाताशी जे असेल ते ती घट्ट मुठीत धरते. मग एकाच सुरात, यंत्र चालू व्हावे तसे हसू सुरू होते, आणि डोळे त्यात नसतात. हाक मारली तर ती ओ देऊ शकत नाही. थोड्या वेळाने ते आपोआप थांबते आणि ती दमून खाली बसते. कधी कपडे ओले होतात. इथल्या डॉक्टरांनी तिच्या गालाला हात लावला, 'खोडकर आहे' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावले.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या ग्रंथालयात बालरोगांवरच्या एका जाड ग्रंथात मला एक परिच्छेद सापडला. फिट म्हणजे दर वेळी हातपाय झाडणे नव्हे. क्वचित काही मुलांना ती हसण्याच्या रूपाने येते. तो परिच्छेद मी कपाटाजवळ उभी राहूनच वाचला, कारण पुस्तक घेऊन खुर्चीपर्यंत जाण्याचे मला सुचले नाही.

तुझ्या शहरात लहान मुलांच्या मेंदूच्या आजारांचे मोठे रुग्णालय आहे. तिथे तपासण्या होईपर्यंत तिला तुझ्याकडे राहता येईल का? आणखी एक विचारायचे आहे. त्या दिवशी तू तिच्या सर्वांत जवळ होतीस. तुला नेमके काय दिसले?

तुझी भाची

१३ जून

अगं विद्वान बाई,

तुझं पत्र मिळालं. गिऱ्हाईक समोर नव्हतं, त्यामुळे राग पुरता काढता आला. आमच्या कारागीर पोरीला वाटलं दुकानाला सरकारी नोटीस आली. तुझी भाषाच तशी आहे.

मला काय दिसलं ते विचारतेस. मी सांगत होते की शेवटच्या दिवशी ह्यांना पाणीही गिळता येत नव्हतं. तुझ्या बहिणीने माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हसली. खोलीभर माणसांनी ऐकलं. एवढं दिसलं.

फिट मी पाहिली आहे. शेजारच्या मुलाला यायची. फेस यायचा, दात आवळायचे, चौघांनी धरावं लागायचं. हसण्याची फिट मी कधी ऐकली नाही. उद्या शिंकेची फिट काढशील. लहान मूल घरात ऐकतं तेच बाहेर दाखवतं, आणि तुमच्या घरात ह्यांच्याबद्दल काय सूर असायचा ते मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

तुझ्या आईला गरज असेल तर तिने लिहावं. तिचे हात मोडलेत का?

मावशी

२० जून

प्रिय मावशी,

आईचे हात शाबूत आहेत. पण मी तुला लिहिले आहे हेच तिला ठाऊक नाही. आमच्या घरात 'फिट' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. मी त्या परिच्छेदाविषयी बोलू लागले तेव्हा आई भांडी जागच्या जागी ठेवत होती. सगळी ठेवून झाल्यावर म्हणाली, "पुस्तकात सगळ्यांचेच आजार असतात. तू स्वतःचा शोध आधी." बाबा वर्तमानपत्राच्या मागे होते आणि तिथेच राहिले.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली, किंवा मी लिहिली नाही. हसरीला शाळेतून घरी बसवले आहे. धड्यातली म्हातारी मरते त्या ओळीला ती वर्गात हसली, दुसऱ्या दिवशी एका मुलाचे बोट दारात सापडले तेव्हा हसली. मुख्याध्यापिकांनी आईला बोलावून सांगितले की मुलीला वळण लागेपर्यंत घरी ठेवा.  घरी आल्यावर आई मला म्हणाली, "तू पहिली आली आहेस ना परीक्षेत? मग शिकव तिला."

तेव्हापासून मागच्या खोलीत आमची शाळा भरते. रस्त्याकडची खिडकी बंद असते, कारण आवाज बाहेर जातो. पाहुणे आले की दाराला बाहेरून कडी लागते आणि आई त्यांना सांगते की दोघी अभ्यासाला बसल्या आहेत. कडीचा आवाज आला की हसरी माझ्याकडे बघते आणि मी पाढे म्हणायला सांगते. आपण आत आहोत हे दोघींनाही माहीत असते, पण दोघी पाढ्यांविषयीच बोलतो.

काल तिला विचारले, हसू येते तेव्हा काय होते. तिने पेन्सिलीचे टोक चघळले. मग म्हणाली, "पोटात लिफ्ट सुटते. मग तोंड हसतं. मी थांब म्हणते पण तोंडाला ऐकू येत नाही." आणि लगेच, "हे आईला सांगू नकोस, ती म्हणेल मी उलट बोलते."

मावशी, तिला कडीच्या आत ठेवण्याइतके तिने काही केलेले नाही.

तुझी भाची

२ जुलै

बाळ,

उत्तराला उशीर झाला. काम होतं, आणि नव्हतंही.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी गिऱ्हाइकांची मापं चुकीची घेतली. एका बाईचा झगा तिच्या मुलीला बसेल एवढा झाला. मी काय आठवत होते ते सांगते. त्या दिवशी ती हसायच्या आधी तिने माझी बाही धरली होती. मला वाटलं, लाडात आलीय. मग हसू सुरू झालं आणि मी तिची बोटं सोडवायला गेले, तर सुटेनात. एकेक बोट उचलावं लागलं. बाहीची शिवण उसवली. आयुष्यभर शिवणाचं काम केलंय मी. सहा वर्षांच्या पोरीच्या मस्तीने ती शिवण उसवत नाही. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण तेव्हा मला दुसरंच कळायचं होतं.

रुग्णालयात जाऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, मुलीला घेऊन या, आईवडिलांपैकी एकजण लागेल.

पण त्याआधी मला एक सांग, आणि सरकारी भाषेत सांगू नकोस. तुझी आई ह्यांच्याबद्दल काय बोलायची? पोरीने ते ऐकलं होतं का? ती आजारी असेल तर असेल, मी तिला घरात घेईन. पण उत्तर खोटं दिलंस तर मला कळेल, आणि मग मात्र माझ्या दाराशी येऊ नका.

मावशी

८ जुलै

प्रिय मावशी,

तुझ्या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देणारे एक पत्र मी लिहिले होते. ते चांगले जमले होते. ते फाडून हे लिहिते आहे.

होय. आई काकांबद्दल बोलायची. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यावरून तिचे एक ठरलेले वाक्य होते: "जन्मभर वर-खाली केलं, पोचले कुठेच नाहीत." तुझ्याकडे यायच्या आदल्या आठवड्यात, काका आजारी असतानाही ती ते म्हणाली. हसरी तिथेच होती. आणि आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

हे खरे आहे, आणि ती तुझ्यासमोर हसली ते हसू नव्हते, हेही खरे आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा लिहाव्यात ते मला समजले नाही म्हणून त्यातली एक मी तुझ्यापासून लपवली. आता तुला जे योग्य वाटेल ते.

तुझी भाची

२५ जुलै

अक्का,

तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं 'हं, हं' करत राहिले त्याचा राग मानू नकोस. हसरी समोरच जमिनीवर चित्र काढत होती. वर्षाने तुझा आवाज ऐकला आणि पहिलंच वाक्य काय, तर "तुझं ते वर-खालीचं वाक्य चांगलं आहे, ह्यांना सांगितलं असतंस तर तेही हसले असते." अशाने माणूस काय बोलणार?

मोठीने तुला लिहिलं ते मला तुझ्याकडून कळलं. घरात एक पोरगी नको तेव्हा आवाज करते आणि दुसरी हवा तेव्हा करत नाही.

तुम्ही दोघींनी मिळून शोध लावलाय म्हणून सांगते. मला माहीत आहे. ती वर्षाची व्हायच्या आधीपासून माहीत आहे. तिला अंगावर घेऊन मी बसलेली असायची. अंग कोणाचं आणि हसू कोणाचं हे आईला कळत नाही होय? पण लोक 'लाडावलेली' म्हणतात ते मला चालतं. लाडावलेली पोरं मोठी होतात, सुधारतात, लोक विसरतात. तो दुसरा शब्द एकदा चिकटला की शाळा, नोकरी, लग्न, सगळीकडे तिच्या आधी तोच आत जाणार. मी कडी लावते ती तिला कोंडायला नाही, त्या शब्दाला बाहेर ठेवायला. तू मला निर्दय म्हणालीस. मूल नसलेल्या बाईला हे म्हणणं सोपं आहे, असं लिहिणार होते, लिहिलंच की.

हसरीला घेऊन येते आहे. मोठी इथे तिच्या बाबांकडे बघेल. शेजारी सांगितलंय की तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. कोणी ओळखीचं तिकडे भेटलं तर तेवढं लंगड.

तुझी धाकटी

१४ ऑगस्ट

बाळ,

लंगडते आहे. परवा तुमच्या गल्लीतली ती बँकवाली रुग्णालयाच्या दारात भेटली. घाईत मी चुकीचा पाय धरला, तुझ्या आईने मागून चिमटा काढला.

खोली सांगते, म्हणजे तुला तिथे असल्यासारखं होईल. एक पलंग, दोन खुर्च्या, छताला कॅमेरा. हसरीच्या डोक्यावर वायरी चिकटवून वरून पांढरी पट्टी गुंडाळलीय. वायरींचा जुडगा भिंतीतल्या पेटीत जातो. तो खिडकीपर्यंत पुरत नाही. एक पाऊल कमी पडतं. पोर जाते, ओढ बसली की थांबते, मान लांब करून बाहेर काय आहे ते बघते आणि परत येते.

काम एकच: हसू यायची वाट बघायची. ते कॅमेऱ्यात आणि मशीनमध्ये एकाच वेळी सापडलं पाहिजे. आणि घरी रोज येणारं हसू इथे येईचना. दार बंद, आम्ही तिघी आत. तुझी आई आणि मी समोरासमोर. भांडणार तरी कशा, सगळं चित्रित होत होतं. शेवटी भांडलो, तोंडावर रुमाल धरून. हसरी म्हणाली, "दोघींना सर्दी झाली का?"

मग तिलाच आमची दया आली. हो हो करून मोठ्याने हसली. तपासणीवाली बाई दारातून डोकावली, "छान होतं गं, पण हे नको." हसरीने विचारलं, "मग कोणतं हवंय?" 

ते काल दुपारी आलं. मी तिला बाहुलीच्या झग्याला टीप घालायला शिकवत होते. बोलणं नाही, गंमत नाही. तिने एकदम माझं मनगट धरलं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाळ, त्या हसणाऱ्या तोंडावर दोन घाबरलेले डोळे होते. वर्षापूर्वीही ते तिथेच असणार. मी हाक मारली नाही, बोटं सोडवली नाहीत. तुझी आई पलीकडून आली आणि तिने पोरीची पाठ हातात घेतली, तिला सवय आहे. संपलं तेव्हा हसरी म्हणाली, "सापडलं का?"

सापडलं. डोक्याचा फोटोही काढला. डॉक्टरबाई तरुण आहेत, घाई करत नाहीत. मेंदूच्या तळाशी जन्मापासून एक बारीकशी गाठ आहे. कर्करोगाची नाही. तिच्यातून हे हसू सुटतं. औषधाने थोडं कमी होईल, बहुधा थांबणार नाही. ऑपरेशन होतं, ते इथे नाही, दुसरीकडे, आणि तिथे मोठी रांग आहे. नाव नोंदवलंय. म्हणजे अजून वाटच बघायची, फक्त आता कशाची ते माहीत आहे.

तुझ्या आईने एकच विचारलं, "शाळेत सांगावं लागेल?" त्या म्हणाल्या, "नाही सांगितलं तर ती खोडकर ठरेल." तुझी आई चप्पल शोधायला लागली. चप्पल पायातच होती.

मावशी

७ सप्टेंबर

प्रिय मावशी,

आई शाळेत गेली. डॉक्टरांचे पत्र तिने पर्समध्ये न ठेवता हातात धरून नेले, इतके घट्ट की मुख्याध्यापिकांना ते सरळ करून वाचावे लागले. हसरीचे दप्तर पुन्हा भरले. मागच्या खोलीची कडी आता नुसती लोंबते. तुला आनंदाने कळवावे असे हे सारे आहे, आणि तरीही मी दोन आठवडे पत्र लिहिण्याचे टाळले.

कारण ती आता हसत नाही, मावशी. गाठीचे हसू येते. औषधाने विरळ झाले आहे, पण येते. मी म्हणते ते दुसरे, तिचे स्वतःचे. शाळेत ती जरा हसली की बाई शिकवणे थांबवतात, बाके सरकवली जातात, मुलांना मागे घेतात. घरी आई धावते, मी धावते. गेल्या रविवारी बाबांनी सदरा उलटा घातला म्हणून ती हसली, तर आम्ही तिघांनी मिळून तिला जमिनीवर कुशीवर निजवले. बाबांनी तर वेळ मोजायला घड्याळ काढले. ती खालून म्हणत होती, "अहो सदरा, सदरा." कळायला आम्हाला वेळ लागला.

तेव्हापासून गमतीचे काही झाले की ती ओठ आत ओढून धरते. काल मी गोष्ट सांगायला बसले तर म्हणाली, "गमतीची असेल तर नको. तुम्ही सगळे येता."

'फिट' ह्या शब्दाने दार उघडेल, असे मी धरून चालले होते. आम्ही तिला एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत ठेवले, एवढेच झाले. आणि ह्या खोलीत आम्हीही तिच्यासोबत आहोत, कान टवकारून. पुस्तकात ह्याविषयी काहीही नाही. मी पुन्हा जाऊन पाहिले.

तुझी भाची

१५ सप्टेंबर

हसरीबाईंना,

हे पत्र तुझं आहे. ताईला वाचायला देऊ नकोस, ती शुद्धलेखन तपासत बसेल. मागच्या खोलीत जा आणि स्वतः वाच. मोठ्याने वाचलंस तर शब्द लवकर लागतील.

तुझे काका लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा एका उंच कचेरीत कामाला गेले. लिफ्टमध्ये शिरले, काहीतरी पिळलं, आणि दार बंद होऊन लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. काका आत. त्यांनी घंटा वाजवली. खालच्या रखवालदाराने कंपनीला फोन केला, "लिफ्टमध्ये माणूस अडकलाय, मिस्त्री पाठवा." कंपनीने मला दुकानात फोन केला, "बाई, साहेबांना पाठवा, लिफ्टमध्ये माणूस अडकलाय." मी म्हटलं, ते तर कामावर गेलेत. कुठे? मी इमारतीचं नाव सांगितलं. कंपनीवाला म्हणाला, "वा, मग तिथेच आहेत ते, बरं झालं."

त्याने रखवालदाराला कळवलं. रखवालदार जिना चढून वर गेला आणि लिफ्टच्या फटीत तोंड घालून ओरडला, "काका, घाबरू नका. मिस्त्री इमारतीतच आहे."

काका आतून म्हणाले, "माहीत आहे. मी त्याच्याबरोबरच आहे."

रखवालदार म्हणाला, "मग त्याला बाहेर पाठवा की लवकर."

हे सांगताना ते स्वतःच इतके हसायचे की शेवट कधी सांगता यायचा नाही. म्हणून ते कसे सुटले ते मला आजही माहीत नाही. तुला काय वाटतं ते मला लिहून कळव.

तुझी लंगडी मावशी

२३ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझे पत्र काल दुपारी आले. हसरीने ते छातीशी धरून मागच्या खोलीत नेले आणि दार ओढून घेतले. आई आणि मी स्वयंपाकघरात होतो. आतून अडखळत वाचल्याचा आवाज येत होता. 'रखवालदार' ह्या शब्दाला तिने तीनदा धडक मारली. मग वाचणे थांबले आणि हसू आले.

आई उठली. मीही उठले. दाराशी आम्ही एकदमच पोचलो. आईचा हात दाराच्या मुठीवर होता. हसू वाढत होते, मध्येच थांबत होते, पुन्हा फुटत होते. हे कोणते, असे आईने मला नुसत्या डोळ्यांनी विचारले. इतकी वर्षे जिच्या हाताला ते कळत होते, तिला लाकडाच्या पलीकडून कळेना. मलाही कळत नव्हते, आणि हे तुला प्रामाणिकपणे लिहिते. मी आईच्या हातावर हात ठेवला. दार उघडण्यासाठी की तिला थांबवण्यासाठी, हे मी ठरवले नव्हते.

आमच्या पायांची चाहूल तिला लागली असावी.

"येऊ नका," ती आतून म्हणाली. "मी वाचतेय."

आईने मूठ सोडली नाही आणि फिरवलीही नाही. आतले हसू पुन्हा सुरू झाले. आम्ही दोघी दाराबाहेर तशाच उभ्या राहिलो.

तुझी भाची